शेजारपहारा

आमच्या कवठाळीत कुणी फुकट काही द्यायला आलं, की मी आधी त्याच्या पायांकडं बघते. चपलेला माती असली तर बसायला घोंगडी टाकते, नसली तर दारातनंच वाटेला लावते. डॉ. केतकी भाटवडेकर पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्या बुटांना घोट्यापर्यंत काळी माती होती, म्हणून त्या घरात आल्या. नाहीतर हे सगळं रामायण घडलंच नसतं.

"महानंदाताई, तुमच्या ज्वारीला युरियाची एक पिशवीसुद्धा लागणार नाही असं काही मिळालं तर?" चहा फुंकत त्यांनी विचारलं.

"आणि बदल्यात सरकारला काय पाहिजे?"

त्या हसल्या. "तुमचं शेत. बघायला."

"बघायला म्हणजे किती बघायला?"

याचं उत्तर त्यांनी त्या दिवशी दिलं नाही. तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. पण बाई बोलायला साधी होती, आणि युरियाच्या रांगेत उभं राहून माझे गुडघे गेले होते. मी हो म्हटलं.

गावाबाहेर सरकारचं अल्पखर्ची शेती संशोधन व शिक्षण केंद्र उभं राहिलं होतं. नाव एवढं लांब की आम्ही नुसतं 'केंद्र' म्हणायचो. त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये दर सोमवारी शेतीशाळा भरायची. पहिल्या वर्षी मी मागच्या बाकावर बसून फाटे फोडायची. दुसऱ्या वर्षी मॅडमनी खडू माझ्याच हातात दिला. "प्रश्न तुम्हीच विचारताय, तर उत्तरंही तुम्हीच द्या," म्हणाल्या. तेव्हापासून मी तिथं शिकवते. मालक गेल्यावर मला घराबाहेर कुणी नावानं ओळखत नव्हतं. शाळेमुळं पाच गावांच्या बाया मला 'महानंदाबाई' म्हणून हाक मारायला लागल्या. त्या शेडवर माझा जीव जडला होता, हे कुणापासून लपवायचं कारण नाही.

मी तिथं शिकवायची ते असं. आपण श्वास घेतो त्या हवेत पाचातले चार वाटे नत्र असतं. युरियाच्या पिशवीत असतं तेच. पण पिकाला ते हवेतनं घेता येत नाही. समोर भरलेलं ताट, आणि तोंड बांधलेलं. तुरीला, हरभऱ्याला ते जमतं, कारण त्यांच्या मुळांवरच्या गाठींत जिवाणू राहतात आणि हवेतलं नत्र पिकाला भरवतात. ज्वारीला असल्या गाठी नाहीत. मात्र ज्वारीच्या बुडाशी, जमिनीच्या वर, जाड आधारमुळं फुटतात आणि त्यांना चिकट रस सुटतो. मॅडमच्या लोकांनी त्या रसात राहील, रस खाईल आणि बदल्यात नत्र देईल असा एक जिवाणू तयार केला. त्याचं नाव साथी. बियाण्याला चोळून पेरायचा, की झालं. एकच अट. शेतात युरिया पडला की हा गडी कामचुकार होतो. आयतं मिळालं की कशाला राबेल? आमच्या दिरासारखाच, असं मी म्हटलं की बाया पोट धरून हसायच्या.

आता गोम इथंच होती. याआधीच्या योजनेत लोकांनी अनुदान घेतलं आणि गुपचूप युरियाही टाकला. या वेळी सरकार शहाणं झालं होतं. साथीला प्रयोगशाळेतच एक खूण दिलेली होती. तो एक अगदी हलका वास सोडतो, जो आपल्या मातीतला दुसरा कुठलाच जीव सोडत नाही. माणसाला तो येत नाही, यंत्राला येतो. म्हणून प्रत्येक प्रयोगाच्या शेतात हातभर उंचीचा एक खुंटा रोवला. आम्ही त्याला 'नाक' म्हणायचो. माती काय श्वास सोडते ते नाक हुंगायचं. युरियाचा वास, साथीचा वास, सगळं केंद्राच्या पडद्यावर उमटायचं. शिवाय टॉर्चएवढं एक हातातलं नाकही होतं.

ते माझ्या हातात दिलं. कारण सरकारची दुसरी अक्कल म्हणजे शेजारपहारा. इतके निरीक्षक आणायचे कुठून? मग ज्याच्या बांधाला ज्याचा बांध, त्यानं त्याच्यावर लक्ष ठेवायचं आणि काही वावगं दिसलं तर कळवायचं. मला ज्या बांधापलीकडं लक्ष ठेवायचं होतं तिथं माझी सख्खी जाऊ होती, शिवलीला.

दीर पुण्याला ट्रक चालवतो, सणावारालासुद्धा येईल तर शपथ. शेत आम्ही दोघी जावाच बघतो. वाटण्या झाल्या तेव्हा मधे बांध पडला. भांडण नव्हतं, पण चुली वेगळ्या झाल्या की बोलणंही मोजूनमापून होतं. माझा पट्टा साथीचा ठरला. शिवलीलाचा कोरा. म्हणजे साथी नाही, युरियाही नाही, काहीच नाही. दोन्हीत फरक काय पडतो ते बघायचं. तिच्या नुकसानीची भरपाई सरकार द्यायचं.

"म्हणजे मी उपाशी पीक बघत बसायचं," शिवलीला तेव्हा म्हणाली होती. "अक्का, तुमची ज्वारी डोक्यावर जाणार आणि माझी कमरेला. लोक हसतील."

"विज्ञानासाठी आहे ते," मी म्हटलं. मोठ्या तोऱ्यात म्हटलं.

नियम कडक होते. या पट्ट्यातलं खुरपं त्या पट्ट्यात न्यायचं नाही. बांध ओलांडायचा तर पाय धुऊन. माघात तपासणी समिती येणार, दोन्ही पट्ट्यांतला फरक स्वच्छ दिसला तर केंद्राला पुढची मंजुरी, शेतीशाळा कायम आणि साथी सगळ्या तालुक्याला फुकट. नाही दिसला तर निधी बंद, शेडला कुलूप. एक कंपनी टपून बसलीच होती. सरकारनं हात काढला की तोच साथी बाटलीत घालून विकायला.

पीक कसं आलं होतं म्हणता! येळवशीपर्यंत माझ्या पट्ट्यात माणूस दिसत नव्हता. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या. आमच्या लातूरकडं त्या दिवशी गावात चिटपाखरू राहत नाही, सगळं गाव शेतात. कडब्याची कोप करायची, आत चुना लावलेले पाच दगड, ते पांडव. भज्जी, उंडे, खीर, आणि मातीच्या बिंदगीत आंबील. ताकात ज्वारीचं पीठ कालवून आंबवलेली, वर लसणाची फोडणी. चुली वेगळ्या झाल्या तरी आमच्या दोघींची कोप एकच, बरोबर बांधावर. ती रीत सासूबाईंनी घालून दिलेली आणि आम्ही ती मोडली नव्हती. वर्षातला तेवढा एकच दिवस शिवलीला माझ्या हातचं मागून मागून खायची.

त्या वर्षी मॅडमही जेवायला होत्या. भज्जी बघून म्हणाल्या, एवढ्या भाज्या एका पातेल्यात! आणि तीनदा घेतली. मग ऊन कलताना आम्ही चर शिंपला. म्हणजे बिंदगी घेऊन शेताला फेरी मारायची, ज्वारीच्या धाटानं आंबील शिंपायची, आणि 'ओलगेऽ ओलगेऽ' ओरडायचं. जमिनीचं पोट भरलं पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ. मॅडम पाहुण्या, म्हणून शिंपायचा मान त्यांना दिला. आणि काय ओरडल्या बाई! त्या दिवशी शिवलीला इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

पुढं पौष निम्मा सरला आणि तिच्या पट्ट्यातलं नाक बोंबललं.

मॅडमनी मला केंद्रात बोलावलं तेव्हा त्यांचा चेहरा पडलेला होता. पडद्यावर शिवलीलाचा पट्टा होता, आणि त्यात जागोजागी लाल ठिपके.

"साथी आहे," त्या म्हणाल्या. "कोऱ्या पट्ट्यात साथी आहे, महानंदाताई. आणि वाढतोय."

"वाऱ्यानं गेला असंल."

"वाऱ्यानं जात नाही तो. वाळला की मरतो. बांधालगतच असता तर मी म्हटलं असतं, पाण्याबरोबर झिरपला. हा सगळ्या शेतभर आहे. कुणीतरी नेऊन टाकलाय."

कुणीतरी. दुसरं कुणाचं नाव येणार होतं माझ्या डोक्यात? कमरेएवढ्या ज्वारीची तिला लाज वाटत होती. आणि आठवड्यापूर्वी तिच्या दारात एक पांढरी गाडी उभी होती. गाडीतल्या माणसाच्या बुटांना मातीचा कण नव्हता, मी माझ्या दारातनं बघितलं होतं. "कोण गं पाहुणा?" विचारलं तर, "कुणी नाही, रस्ता चुकला होता," म्हणाली आणि आत गेली. रस्ता चुकलेला माणूस ओट्यावर बसून पाणी पितो होय? कंपनीचाच असणार. साथी चोरून द्यायचा, वर प्रयोगही बिघडवायचा, म्हणजे एका दगडात केंद्र खलास. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझी शाळा हिच्या हातानं बंद पडणार!

"पुरावा लागेल," मॅडम म्हणाल्या. "उगाच कुणावर आळ नको."

पुरावा आणते, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी हातातलं नाक कापडी पिशवीत घातलं, वर चार वांगी ठेवली आणि शिवलीलाच्या घराशी पोचल्यावर नाक चालू केलं. ती गोठ्यात शेण काढत होती. मला बघून हात धुतले, पदर सारखा केला.

"अक्का? या की. चहा टाकते."

ती चहा टाकत होती आणि मी पिशवी घेऊन घरभर फिरत होते. कणगीपाशी, देवळीपाशी, बियाण्याच्या गाडग्यांपाशी.

"काय हुडकायलात अक्का?"

"काही नाही गं. घर किती दिवसांत बघितलं नव्हतं."

"मग बघा की," ती म्हणाली, आणि खरंच खूश झाली. तिनं मला नवीन लावलेली फळी दाखवली, सासूबाईंचा पितळी डबा दाखवला. चुलीमागं झाकून ठेवलेल्या एका बिंदगीजवळ आलो आणि पिशवीतलं नाक थरथरायला लागलं.

"फोन वाजायलाय तुमचा," शिवलीला म्हणाली.

"हो, फोनच," मी म्हटलं. "असू दे. लेकीचा असंल, नंतर करते."

तिच्या चुलीमागं साथी! मी वांगी तिच्या ओट्यावर ठेवली आणि जवळजवळ पळतच केंद्र गाठलं. मॅडमनी नाकातली नोंद बघितली, डोळे मिटले, आणि पांढऱ्या गाडीसकट माझी साक्ष लिहून घेतली. मी सही केली. हात जरासुद्धा कापला नाही.

घरी येऊन पिशवी खुंटीला अडकवली, नाक बंद करायचं राहूनच गेलं, आणि भाकरी थापायला बसले. दुसरी भाकरी तव्यावर टाकली असेल नसेल, पिशवी परत थरथरायला लागली.

मी उठले. नाक बाहेर काढलं. ते ओरडतच होतं. माझ्या घरात! साथी चोळलेलं बियाणं केंद्रातनं थेट शेतात जायचं, घरी कुणाला थेंब मिळायचा नाही. मी नाक चारी बाजूंना फिरवलं. दाराकडं गप्प. उतरंडीकडं गप्प. खुंटीखालच्या माझ्या आंबिलीच्या बिंदगीवर धरलं, आणि ते हातातून निसटतंय की काय असं थरथरलं.

माझा पहिला विचार काय होता सांगू? शिवलीलानं आणून टाकलं. तिनं ओळखलं, मी तिच्या घरी कशाला आले होते ते, आणि मला अडकवायला माझ्या घरात साथी पेरला. पण ती माझ्या घरात आली होती कधी? येळवशीपासून तिनं माझा उंबरा ओलांडला नव्हता.

येळवस.

येळवशीला उरलेली आंबील आम्ही दोघींनी निम्मी निम्मी घरी आणली होती. थोडी शिल्लक ठेवायची आणि तिच्यावरच पुढची आंबवायची, ही बायकांची सवय. तिची चुलीमागं, माझी खुंटीखाली. एकाच बिंदगीतली.

तव्यावरची भाकरी करपत होती. सगळं डोळ्यांसमोर आलं. चर शिंपायला हातात ज्वारीचं धाट लागतं, आणि ते आपल्याच शेतातलं, बुडापासून उपटलेलं. मी माझ्या पट्ट्यातलं दांडगं धाट बघून उपटलं होतं, आधारमुळांसकट, चिकट रसासकट. मॅडमच्या हातात मीच ते दिलं. त्यांनी ते बिंदगीत बुडवलं, माझं शेत शिंपलं, परत बुडवलं, परत शिंपलं. मग मीच म्हटलं, थांबलात कशाला, लीलाचं शेत उपाशी ठेवता होय? पाय धुऊन बांध ओलांडला आम्ही! पाय धुतले, आणि हातात साथीनं भरलेली बिंदगी. ताक, पीठ, दुपारची ऊब. साथीला याहून चांगलं घर कुठलं? शिवलीला पुढं ओरडत होती, मॅडम शिंपत होत्या, आणि बिंदगी माझ्या कमरेवर होती.

मी तशीच केंद्रात गेले. मॅडमनी सगळं ऐकलं. आधी हसल्या, मग त्यांचं हसू मावळलं.

"म्हणजे मीच," त्या म्हणाल्या.

"आपण तिघी. ती साक्ष फाडा, मॅडम. आत्ता फाडा."

त्या उठल्या. खिडकीतून शेडकडं बघत राहिल्या.

"ती वर गेली, महानंदाताई. आणि ऐका माझं. एका शेतकऱ्यानं गडबड केली म्हटलं, तर समिती तो एक पट्टा वगळते. बाकीच्या गावांचे पट्टे धरले जातात, केंद्र वाचतं. पण संशोधकानंच स्वतःच्या हातानं कोरा पट्टा नासवला म्हटलं, तर सगळ्याच पट्ट्यांवर विश्वास कोण ठेवणार? शाळा जाईल. साथी कंपनीकडं जाईल."

"आणि शिवलीला?"

"योजनेतून नाव कमी होईल. तुरुंगात नाही घालणार कुणी तिला."

"गावात तोंड कसं दाखवायचं तिनं?"

"मी सांगत नाही तसं करा म्हणून," मॅडम म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "काय काय होईल ते सांगतेय. तुम्ही ठरवा."

वा! म्हणजे ओझं माझ्या डोक्यावर. मला त्या बाईचा राग आला आणि कीवही आली. मी घरी आले. खरं सांगते, मी काहीच ठरवलं नाही. समिती येईपर्यंत मी शिवलीलाच्या दारावरून गेले नाही, मागच्या वाटेनं गेले.

समिती शेडमध्येच बसली. अध्यक्ष म्हातारे गृहस्थ, बूट चकाचक. सगळं गाव दाटीवाटीनं बसलेलं. शिवलीला बायकांत शेवटी, नवं लुगडं नेसून. तिला वाटलं, नुकसानभरपाईचं काही असेल.

अध्यक्षांनी चष्मा लावून वाचलं. कोऱ्या पट्ट्यात साथी, शेतकरी महिलेच्या घरात साथी, कंपनीच्या माणसाची ये-जा, सबब योजनेतून नाव वगळण्याची शिफारस. "साक्ष, शेजारपहारेकरी महानंदा बिराजदार. हातातल्या यंत्रानं प्रत्यक्ष घरात जाऊन खात्री केली."

शिवलीला हळूहळू उठली. तिनं अध्यक्षांकडं बघितलंच नाही. माझ्याकडं बघितलं.

"तो फोन नव्हता व्हय, अक्का?"

एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"कंपनीचा माणूस आला होता का तुमच्याकडे?" अध्यक्षांनी विचारलं.

"आला होता. अक्काच्या शेतातली मूठभर माती मागत होता. हाकलला त्याला."

"मग कुणाला सांगितलं का नाही?"

"कुणाला सांगू?" ती अजून माझ्याकडंच बघत होती. "यांना सांगितलं असतं तर म्हणल्या असत्या, तुझ्याच दारात कसा आला?"

अगदी हेच म्हटलं असतं मी. याच शब्दांत.

मी समोरचं बाक धरून उठले. त्याच बाकांवर माझ्या बाया बसायच्या. फळ्यावर सोमवारचं माझं अक्षर तसंच होतं.

"साहेब, साक्ष खोटी आहे," मी म्हटलं. "नाक खरं बोललं, मी चुकीचं समजले. तेच नाक माझ्या घरात न्या, तिथंही ओरडंल. साथी चोरला नाही कुणी. आम्ही तो येळवशीला शिंपला. बिंदगी माझी, धाट मी उपटलेलं, बांध ओलांडा म्हणाले तीही मीच."

"कुणी शिंपला?"

मॅडमचं नाव माझ्या तोंडून निघेना. मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मी," केतकी मॅडम उठून म्हणाल्या. "मी शिंपला. आणि ओरडलेसुद्धा."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "म्हणजे शासनाचा एवढा मोठा प्रयोग तुम्ही तिघींनी मिळून एका मडक्यात बुडवलात?"

"बुडवला नाही, साहेब," मी म्हटलं. माझी जीभ मेली कधी गप्प बसत नाही. "शिंपला."

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. समिती दोन्ही घरच्या बिंदग्यांतली आंबील बाटल्यांत भरून घेऊन गेली. फाल्गुनात निधी थांबल्याचं कळलं आणि शेडला कुलूप लागलं. मी रोज त्या कुलपावरून शेताला जायची. वाईट वाटायचं. खूप वाटायचं, कशाला खोटं बोलू?

शिवलीलाचा पट्टा कमरेवरून छातीपर्यंत आला होता. कणसंही बऱ्यापैकी भरली. ती काढताना मी बांधावर उभी राहिले, बोलावं म्हणून. ती खाली वाकून कापत राहिली.

उन्हाळ्यात मॅडमचा निरोप आला. त्या बाटल्या प्रयोगशाळेत गेल्या तेव्हा तिथल्या लोकांनी तोंडात बोटं घातली होती. बियाण्याला चोळायच्या साथीला शीतपेटी लागायची, कारखाना लागायचा. आंबिलीत तो नुसता जगत नव्हता, दुप्पट-चौपट होत होता. उभ्या पिकावर शिंपला तरी मुळं धरत होता. म्हणजे प्रत्येक घरी, प्रत्येक बाईला तो विरजणासारखा राखता येणार, शेजारणीला देता येणार. बाटलीत घालून विकायला काही उरलंच नाही. कंपनीची पांढरी गाडी परत दिसली नाही. सरकारनं प्रयोग नव्यानं मंजूर केला, शेडचं कुलूप निघालं. पत्रकावर आंबिलीचं रंगीत चित्र होतं आणि खाली मंत्र्याचा फोटो. त्यानं कधी आंबील चाखली असेल असं त्याच्या तोंडावरून वाटत नव्हतं.

शेजारपहारा मात्र त्यांनी बंद केला नाही. नाकही नाही. मी विचारलं तर म्हणाले, नियम आहे. हातातलं नाक मी परत केलं. त्यांनी ते घेऊन दुसऱ्या कुणाला दिलं, कुणाला ते मला सांगितलं नाही. आता माझ्याकडं कुणी पिशवी घेऊन आलं की मी पिशवीकडं बघते.

मग परत येळवस आली. तालुक्यातल्या गावागावांत चर शिंपणार होते, साथी घातलेली आंबील घेऊन. शाळेत मीच शिकवलं होतं कशी करायची ते. शिवलीला एकाही सोमवारी आली नव्हती.

मी बांधावर कोप केली. सकाळपासून वाट बघितली. ऊन वर आलं तेव्हा तिच्या शेताच्या पार पलीकडच्या टोकाला धूर दिसला. तिनं आपली वेगळी कोप केली होती. छोटीशी, एका माणसापुरती.

मी बिंदगी उचलली. पाय धुवायचा नियम आता राहिला नव्हता, तरी धुतले. बांध ओलांडला आणि तिच्या ज्वारीतनं चालत गेले. तिनं मला येताना बघितलं, पण उठली नाही. पांडवांपुढं दिवा होता, चुलीवर भज्जी शिजत होती. बाजूला तिची एक लहान बिंदगी, तोंडाला फडकं बांधलेली.

"लीला," मी म्हटलं, "आंबील आणलीय. तुझ्या आवडीची, लसूण जास्त घातलेली."

मी बिंदगी तिच्यापुढं ठेवली. तिनं झाकण काढलं. खाली वाकून वास घेतला, सावकाश. मग माझ्या खांद्याकडं बघितलं. पिशवी नव्हती. माझ्या हातांकडं बघितलं, मग लुगड्याच्या ओच्याकडं. मी तशीच उभी राहिले आणि तिला बघू दिलं.

तिनं पेला आंबिलीत बुडवला आणि भरून माझ्यापुढं धरला.

"आधी तुम्ही प्या, अक्का," ती म्हणाली.

मी खाली बसले आणि तिच्यासमोर पेला रिकामा केला. मग तोच पेला तिच्या हातात दिला, आणि ती भरते का याची वाट बघत बसले.